कॉलरच्या आतली खाकी पट्टी

आमचं मूळ भालकीकडचं, ताई, बीदर जिल्हा, आता ते कर्नाटकात गेलं, पण आजोबाच्या वक्ताला सगळं एकच होतं, निजामाचं, म्हणून हैदराबाद आम्हाला परमुलूख कधी वाटलं न्हाई. जातीनं शिंपी. आजोबा गावात बंड्या-अंगरखे शिवायचे, बाप इथं आला आणि सुलतान बाजारात एका बोळात, कापडाच्या मोठ्या दुकानांच्या मागं, मशीन टाकून बसला, तो मरेपर्यंत उठला न्हाई. मी माणिक, त्याचा एकच मुलगा. आठवीपर्यंत मराठी शाळेत गेलो, मग बाप म्हणला आता टेप गळ्यात घाल, घातला. आज सासष्ट पुरी झाली, टेप गळ्यातच हाय. तुम्ही पुण्याच्या, आमच्या बोलण्याचं तुम्हाला हसू येत असंल, आमच्यात उर्दू बी हाय, तेलुगू बी हाय, सगळी खिचडी. सरळ करून लिहा म्हणलं तर तुम्ही नक्को म्हणता. बरं, तसंच लिहा.

बापाच्या दोन रीती होत्या, त्या आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच हाय. एक म्हणजे मापाची वही. गिऱ्हाइकाचं माप लिहायचं आणि त्या पानाला त्याच कापडाचा बोटभर तुकडा टाचणीनं लावायचा. का, तर बाप म्हणायचा, नावं सारखी असतात, कापड सारखं नसतं. आणि दुसरी रीत अशी की शिवून ठेवलेला कपडा गिऱ्हाइकानं नेलाच न्हाई, तर तो विकायचा न्हाई. तीन वर्षं खुंटीला ठेवायचा, झटकायचा, परत ठेवायचा. तीन वर्षांनी कुणा उघड्या माणसाला देऊन टाकायचा आणि देताना त्याचं नाव-गाव विचारायचं न्हाई. शिंप्याच्या हातून उघड्याचं अंग झाकलं तर त्याच्यापरीस मोठं पुण्य न्हाई, असं तो म्हणायचा, आणि मी ते धरून चाललो. आता काय सांगू तुम्हाला, मी पुण्यच करायला गेलो होतो.

पोलिसांच्या वर्द्या शिवायचं काम बापानंच धरलं होतं. ठाण्याचं नाव तुम्ही लिहू नका, आमच्या बाजारातलं ते न्हाई, लांबचं हाय. तिथं एक जमादार होता, यादय्या नावाचा, चांगला माणूस, म्हणजे बोलायला चांगला. बाकीच्या पोलिसांसारखं ओरडून न्हाई बोलायचा. दसऱ्याला घरी यायचा, कमलच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या हातच्या करंज्या खायचा. वर्दीचं माप द्यायला शिपाई यायचे ते त्याच्याच शब्दावर. तर तो कधी कधी म्हणायचा, मास्टर, जरा ठाणे को आओ, एक साइन होना. मी जायचो. चहा यायचा, कागद यायचा, मी सही करायचो. असं मी पंच झालो.

पंच म्हणजे काय, तर पोलिसांनी झडती घेतली, वस्तू जप्त केली, तर तिथं तिसरा माणूस हजर पाहिजे, पोलिसांचा न्हाई आणि आरोपीचा बी न्हाई असा, खरं तर दोन पाहिजेत, त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघायचं आणि मग सही करायची. कायदा चांगला हाय बगा. कायद्याला पोलिसांवर भरवसा न्हाई, म्हणून त्यानं साध्या माणसाचे डोळे मागून घेतले. आणि साधा माणूस कोण, तर मी, ज्याचं पोट त्यांच्याच वर्दीवर. हे मला तवा कळत नव्हतं असं न्हाई. कळत होतं. पण चोरीच्या सायकली, दारूच्या बाटल्या, कुणाचा चाकू, असलंच असायचं, आणि बहुतेक वेळी कोर्टात कुणी बोलवायचं बी न्हाई. सही करून करून हाताला सवय होते, ताई, जसं काज करताना डोळे दुसरीकडं असले तरी हात चालतो.

तो काळ असा होता की रेडीमेड आलं. नव्वदच्या पुढं बगा, हिमायतनगरला काचेची दुकानं झाली, आत गार हवा, पोरं आत जायची आणि अर्ध्या तासात शर्ट घालूनच बाहेर यायची. टीव्हीवर जाहिराती. आमच्या बोळात आठ टेलर होते, त्यातले पाच दोन-तीन वर्षांत उठले. एक कुकटपल्लीला कारखान्यात गेला कॉलर शिवायला, दिवसभर नुसती कॉलर, शर्ट कुणाचा ते माहीत न्हाई. मी टिकलो कशावर, तर खाकीवर. वर्दी रेडीमेड मिळत नव्हती तवा. म्हणजे यादय्या जमादारावर टिकलो म्हणा की.

त्याच दिवसांत एकदा दुपारी तो दुकानात आला, बसला, पाणी प्याला, आणि म्हणला, मास्टर, कोई पुराना शर्ट पड़ा है क्या, मुर्दाखाने में एक बेवारस है, बदन पे कुछ नहीं. मी लगेच उठलो. खुंटीवर एक शर्ट होता, निळा, बारीक पांढऱ्या चौकड्यांचा, एका कॉलेजातल्या पोराचा. त्याला बेंगळूरला नोकरी लागली म्हणून घाईत शिवायला टाकला आणि न्यायला आलाच न्हाई, तीन वर्षं होऊन गेली होती. तो शर्ट मला चांगला ध्यानात होता, कारण त्या पोरानं कापड कमी आणलं होतं, कॉलरच्या आतल्या पट्टीला पुरलं न्हाई, तर मी आतून वर्दीची उरलेली खाकी चिंधी लावली होती. घातल्यावर दिसत न्हाई, मानेच्या आत जाते. मी शर्ट झटकला, घडी केली, कागदात गुंडाळून यादय्याच्या हातात दिला. नाव विचारलं न्हाई. रात्री कमलला म्हणलं, आज बापाचं सांगणं पाळलं. ती म्हणाली, बरं झालं.

मग चार-पाच दिवसांनी ठाण्यातून बोलावणं आलं. गेलो. टेबलावर कागद लिहून तयार, बाजूला एक पुडकं, लाखेचं सील मारलेलं. यादय्या म्हणला खुनाची केस हाय, भांड्याच्या एका व्यापाऱ्याला त्याच्याच गोदामात कुणी तरी मारलं, आणि नरसिंग नावाचा हमाल धरला हाय. त्या व्यापाऱ्यानं ह्या हमालाला आठ दिवस आधी भर बाजारात चपलेनं मारलं होतं, ते सगळ्यांनी बघितलं होतं, म्हणून त्याच्यावर नाव आलं. कागदात असं होतं की नरसिंग म्हणला चला दाखवतो, पोलिसांना आणि दोघा पंचांना कुकटपल्लीकडच्या वस्तीत आपल्या झोपडीत घेऊन गेला आणि तांदळाच्या डब्यामागून रक्ताचा शर्ट काढून दिला. मी कुठं गेलो न्हाई. मी चहा प्यालो आणि कागदावर सही केली, पुडक्यावरच्या चिठ्ठीवर बी केली. दुसरा पंच ठाण्यासमोरचा पानवाला, त्यानं बी केली. पुडक्यात काय हाय ते मी विचारलं न्हाई. एवढंच की मी विचारलं न्हाई.

आता ह्या सहीला एवढं महत्त्व का, ते मला मागाहून कळलं, कोर्टाच्या बाकावर बसून बसून कळलं. पोलिसांपुढं आरोपीनं खून कबूल केला तर कोर्ट ते धरत न्हाई, कारण मार खाऊन माणूस काय बी कबूल करतो, इंग्रजांना बी ते ठाऊक होतं. पण आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू निघाली, आणि निघताना पंचांनी बघितली, तर तेवढं मात्र धरतं. नरसिंगला खून करताना बघितलेलं कुणी नव्हतं. सगळी केस त्या पुडक्यावर उभी होती, आणि पुडकं माझ्या सहीवर.

दोन वर्षं गेली. खुनाची केस खालच्या मॅजिस्ट्रेटकडं चालत न्हाई, ते वर सेशन्सला पाठवतात, त्यात वेळ जातो, आणि तोपर्यंत नरसिंग आतच, कारण जामीन कोण राहणार. मध्यंतरी पानवाला वारला. म्हणजे पंच उरला मी एकटा. समन्स आलं तवा यादय्या आदल्या दिवशी येऊन बसला आणि मला पढवलं, झोपडीचं दार पूर्वेला, दारापुढं कडुलिंबाचं झाड, आत डाव्या हाताला तांदळाचा डबा. घाबरनेका नहीं मास्टर, म्हणला, जितना पूछे उतनाच बोलनेका. मी पाठ केलं. शाळेत कविता पाठ केली न्हाई इतकं पाठ केलं.

कोर्टात उभं केलं, शपथ दिली. सरकारी वकील विचारायचे, मी हिंदीत सांगायचो, जज्जसाहेब ते इंग्रजीत टाइप करून घ्यायचे. दार पूर्वेला, म्हणलं. लिंबाचं झाड, म्हणलं. डबा डाव्या हाताला. समोर पिंजऱ्यात नरसिंग उभा. मी त्याला पहिल्यांदा बघत होतो, आणि काय करू, शिंप्याचा डोळा, माणूस दिसला की माप दिसतं. छाती बेचाळीस. हात लांब. आणि डावा खांदा दीड इंच खाली, गठ्ठे वाहून वाहून हमालांचा होतो तसा. तो माझ्याकडं रागानं बघत नव्हता. मी कोण हाय हेच त्याला समजत नव्हतं, त्यानं मला कधी बघितलंच नव्हतं ना.

मग सरकारी वकिलांनी पुडकं मागवलं. कारकुनानं सील तोडलं, आतला शर्ट काढून टेबलावर पसरला. निळा, बारीक पांढऱ्या चौकड्यांचा. पुढून सगळा काळपट डाग, कडक झालेला. मी मनात म्हणलं असतील असले दहा शर्ट, कापड बाजारात येतं तर एकाच शर्टापुरतं येत न्हाई. पण कारकुनानं तो उलटा केला तशी कॉलर उघडली, आणि आत खाकी.

माझा टाका मला कळणार न्हाई का. तो पोराचा शर्ट होता, छाती छत्तीस. पिंजऱ्यातला तो बेचाळीसचा माणूस त्यात मावलाच नसता, त्याचा हात बाहीत गेला नसता. तो शर्ट मी दिला होता, माझ्या हातानं झटकून, कागदात गुंडाळून. आणि सरकारी वकील मला विचारत होते, आरोपीच्या झोपडीतून तुमच्यासमोर निघाला तो शर्ट हाच काय.

मी म्हणलं, जी हाँ, हाच.

मला कुणी धमकी दिली न्हाई. यादय्या मागं भिंतीला टेकून उभा होता, तो माझ्याकडं बघत बी नव्हता. तोंडातून हो निघून गेलं, सही निघायची तसं. मग आरोपीचा वकील उठला. नरसिंगला कोण वकील देणार, तर कोर्टानंच एक दिलेला, तरणा पोरगा, कोट उसना वाटत होता, बाह्या बोटांवर येत होत्या. त्यानं विचारलं, तुम्ही पोलिसांच्या वर्द्या शिवता. हो. मग तो म्हणला, मी असं म्हणतो की तुम्ही झोपडीत गेलाच न्हाई, ठाण्यात बसून सही केली. पोरगा बरोबर जागी आला होता बगा. मी म्हणलं, हे खोटं हाय. तो खाली बसला. त्याला पुढं काय विचारावं ते सुचलं न्हाई, आणि शर्ट हातात घेऊन बघावा हे बी सुचलं न्हाई.

घरी आलो तर कमलनं तोंडाकडं बघितलं आणि विचारलं काय झालं. मी सांगितलं. ती उठली, जुन्या वह्यांतून ती वही काढली, पान उघडलं. निळा तुकडा, पांढरी चौकडी. खाली माझ्याच हातानं लिहिलेलं, कापड कमी, पट्टी खाकी. मी म्हणलं, मी विचारलं तेवढंच सांगितलं. ती म्हणाली, विचारलं ते तरी कुठं खरं सांगितलं. जा आणि वही दाखवून या.

गेलो की. न्हाई असं न्हाई. त्या तरण्या वकिलाला कोर्टाच्या आवारात गाठलं, बाजूला घेतलं, वही पिशवीतच ठेवली आणि म्हणलं, समजा एखाद्या पंचाला मागाहून आठवलं की आपण चुकलो, तर काय. तो हुशार, लगेच समजला. म्हणला, अर्ज करू, जज्जसाहेबांनी मानलं तर तुम्हाला परत साक्षीच्या पिंजऱ्यात बोलावतील. पण सरकारी वकील विचारतील तवा खोटं बोललात की आत्ता, आणि जे काही म्हणाल त्याच्यावर तुमच्यावरच केस होऊ शकते, खोट्या साक्षीला सात वर्षं हायत. तो मला भीती दाखवत नव्हता, कायदा सांगत होता. तुम्ही सही देतो म्हणा, मी आजच अर्ज लिहितो, असं म्हणला आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मी म्हणलं उद्या येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर यादय्याचा माणूस खाकीचा ठाण, म्हणजे अख्खा तागा, घेऊन उभा. नवीन भरती झाली होती, तीस वर्द्या. एवढं काम एका वेळी मला कधी मिळालं नव्हतं. यादय्याला कळलं होतं की न्हाई, मला आजवर माहीत न्हाई. कळलं नसंल बी. मी ठाण उतरवून घेतला आणि कापायला बसलो. उद्या जाऊ म्हणलं. असे किती उद्या गेले ते कमलला विचारा, तिनं मोजलेत.

निकालाच्या दिवशी वही पिशवीत घालून गेलो. मनात असं की नरसिंग सुटला तर वही परत आणायची आणि विषय संपला. मी बाकावर ऐकलं होतं ना, की शंभर गुन्हेगार सुटले तरी चालतील, एका निर्दोषाला शिक्षा व्हायला नको, आणि थोडा जरी संशय राहिला तर त्याचा फायदा आरोपीला. मी म्हणलं संशय तर राहीलच, एका शर्टावर कुणी खून लावतं का. जज्जसाहेबांनी निकाल वाचला इंग्रजीत, माझ्या बाजूला एक कारकून बसला होता, तो हळू हिंदीत सांगत होता. म्हणला, साहेब म्हणतात पंच हा आपला धंदा करून खाणारा प्रतिष्ठित माणूस, त्याचं आरोपीशी वैर न्हाई, त्याला खोटं बोलायचं कारण न्हाई, म्हणून त्याच्या साक्षीवर विश्वास ठेवतो. ते माझ्याबद्दल होतं. माझ्या बापानं सगळी हयात सरळ टाका घातला, त्याच्यासारख्याला कुणी कधी प्रतिष्ठित म्हणलं न्हाई, आणि मला म्हणलं ते असं.

शिक्षा सांगायच्या आधी आरोपीला विचारतात, तुला काय म्हणायचं हाय, असा कायदा हाय. नरसिंगनं हात जोडले आणि म्हणला, साब, एक बार मेरे को पहना के तो देखो. जज्जसाहेब त्या तरण्या वकिलाकडं बघून इंग्रजीत काही बोलले, त्यानं मान खाली घातली. पुराव्याची वेळ संपली होती. वही माझ्या मांडीवर होती, ताई, पिशवीत. उठून दोन पावलं गेलो असतो तर टेबल होतं. जन्मठेप झाली. मागच्या बाकावर एक बाई उठून उभी राहिली आणि तशीच उभी राहिली, रडली न्हाई, तिला वाटलं असंल अजून काही सांगायचं राहिलंय.

तुम्ही विचाराल, मग खून कुणी केला. मला माहीत न्हाई. नरसिंगनंच केला असंल बी, चपलेचा मार माणूस विसरत न्हाई. शर्टावर रक्त कुठून आणलं ते ज्याचं त्याला माहीत. पण शर्ट त्याचा नव्हता, एवढं मला माहीत हाय, आणि तेवढंच कोर्टाला पाहिजे होतं.

त्या संध्याकाळी कमल वर्द्यांचे काज-बटण करत बसली होती, ते काम तिच्याकडंच असायचं. मी काय झालं ते सांगितलं. तिनं हातातली सुई चिंध्यांच्या गादीत टोचून ठेवली आणि म्हणाली, ह्याच्यापुढं खाकीला मी बटण लावणार न्हाई. भांडली न्हाई. तीस वर्द्यांतल्या अठरा राहिल्या होत्या, त्या मी एकट्यानं केल्या, बोटं फुटली. मग मला बी होईना. खाकी हातात घेतली की कात्री थांबायची. यादय्याला म्हणलं डोळे गेले, आता वर्दी जमत न्हाई. तो म्हणला ठीक है मास्टर, आणि दुसऱ्याला दिलं, त्याला काय. वर्षभरात दुकान गेलं. रेडीमेडनं खाल्लं असं मी लोकांना सांगतो. ते बी खोटं न्हाई, पण पुरं खरं बी न्हाई.

मग ह्या अपार्टमेंटच्या जिन्याखाली मशीन टाकली, इथं हिमायतनगरला. रेडीमेड पँटी आखूड करायच्या, चेन बसवायच्या, तुमच्यासारख्यांच्या साड्यांना फॉल लावायचा. पहिल्यासारखं माप घेऊन कपडा शिवायला क्वचित कुणी येतं. तर एक दिवस एक बाई आली, पन्नाशीची, हातात कापडाची घडी, पांढरं, साधं. आली आणि उभी राहिली. उभं राहण्यावरून मी ओळखलं, निकालाच्या दिवशी मागच्या बाकावर उभी होती ती, नरसिंगची बायको. तिनं तर मला आधीच ओळखलं होतं, शोधत आली होती, सुलतान बाजारात विचारत विचारत. म्हणाली, मास्टर, चांगल्या वागणुकीच्या कैद्यांना ऑगस्टात सोडणार हायत, यादीत इनका नाम आया. बारा वर्षं झाली. बाहेर येतील तर अंगावर घालायला एक चांगला शर्ट पाहिजे. माप मेरे पास नहीं है, तुम देखे ना इनको कोर्ट में, म्हणून आले.

ती टोमणा मारत होती की खरंच म्हणत होती, मला आजवर उमगलं न्हाई. मी कापड हातात घेतलं. ती म्हणाली, वो कमीज इनकी नहीं थी, मास्टर. मी म्हणलं, मालूम है. कमल सोडून दुसऱ्या कुणापुढं बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडातून निघालं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, कोर्ट में नहीं मालूम था? मी कापडाची लांबी मोजायला लागलो. तिनं वाट बघितली, मग म्हणाली, बाही पूरी रखना, आणि गेली.

मी शिवला. बेचाळीस छाती घेतली, मग म्हणलं जेलात माणूस उतरतो, चाळीस केली. हात लांब ठेवला. डावा खांदा दीड इंच उतरवला, तो काही परत वर येत नसतो. कॉलरच्या आतल्या पट्टीला पांढरंच कापड लावलं. कमलला दिसत न्हाई आता धड, पण बटणं तिनंच लावली, एकेका बटणाला चार चार वेळा दोरा घातला. म्हणाली, हे मी लावते. शिलाई घ्यायची न्हाई, आणि ती आली की वही तिच्या हातात द्यायची, पुढं वकिलानं काय करायचं ते करावं, असं आम्ही ठरवलं होतं.

ऑगस्ट गेला, ती आली न्हाई. सप्टेंबर गेला. मग मीच शर्ट पिशवीत घातला, वही घातली, बस धरली आणि कुकटपल्लीला उतरलो. ज्या झोपडीत मी गेलो होतो म्हणून शपथेवर सांगितलं, तिथं मी पहिल्यांदा चाललो होतो. तुम्ही राहता तिकडंच की, तुमच्या सोसायटीच्या मागं. निम्म्या वस्तीवर इमारती उभ्या राहिलेल्या, निम्मी होती अजून. मी लिंबाचं झाड शोधत होतो. एका म्हातारीला विचारलं, लिंबाचं झाड असलेलं नरसिंग हमालाचं घर कुठं. ती म्हणाली, नरसिंग का घर वो था, पन यहाँ नीम का झाड कभी नहीं था, बेटा. त्या घराचं दार पश्चिमेला होतं. कुलूप होतं. म्हातारी म्हणाली, सुटायच्या आठ दिवस आधी तो जेलातच वारला, कावीळ झाली होती. बायको गावाकडं गेली, कुठलं गाव ते कुणाला माहीत न्हाई. शर्ट घेऊन परत आलो.

तो बगा, त्या खुंटीला. आठवड्याला झटकतो. गेल्या महिन्यात तीन वर्षं झाली. बापाचं सांगणं असं की तीन वर्षांनी उघड्याला द्यावा. परवा इथला वॉचमन मागत होता, त्याच्या गावचा कुणी वारला होता, म्हणला मास्टर, तो पांढरा देऊन टाका, पुण्य लागंल. मी त्याला माझ्या अंगातला काढून दिला. तो न्हाई दिला.

वही तुम्ही बघितली, तुकडा बघितला, खाकी म्हणून लिहिलेलं बी वाचलं. तुम्हाला दाखवून काय होणार, तुम्ही कोर्ट न्हाई. आणि कोर्टात आता मला कोण बोलावणार, नरसिंग न्हाई, यादय्या वारला, केस कधीच बंद झाली. पण तुम्ही लिहून घेताय तर माझं नाव घाला, बदलू नका. खाली सही पाहिजे असंल तर करतो. मात्र आधी सगळं वाचून दाखवा, सुरुवातीपासून, हळू, मग करतो.

आणि ही घ्या तुमच्या साहेबांची पँट, एक इंच आत ठेवलाय, धुतल्यावर आटली तर सोडून देईन. देव तुमचं बरं करो. ऊन लई हाय, सावलीनं जा.